लेन्स शाबूत, कॅमेरा पाहिजे

कॅमेऱ्याची लेन्स आणि कॅमेऱ्याची बॉडी या दोन वस्तू एकाच काळात आणि एकाच गिऱ्हाइकासाठी तयार झालेल्या असल्या, तरी त्यांचे म्हातारपण सारखे जात नाही. लेन्समध्ये काच, पितळ, अॅपर्चरची पाती आणि थोडे ग्रीस एवढाच ऐवज असतो. तिला बुरशीपासून जपले, तर साठ वर्षांनीही ती कालच्यासारखे काम करते. बॉडीच्या पोटात मात्र स्प्रिंगा, दातेरी चाके, कापडी पडदे, आरसा आणि स्पंजाच्या पट्ट्या असतात, आणि यांपैकी प्रत्येकाला आपापल्या वेळी थकण्याचा अधिकार आहे. स्पंजाच्या पट्ट्या तर थकतही नाहीत, त्या सरळ डिंक होतात. म्हणून जगात चांगल्या जुन्या लेन्सेस पुष्कळ आहेत, आणि त्यांना सांभाळणाऱ्या भरवशाच्या बॉड्या फार थोड्या.

हा असमतोल माझ्या वाट्याला वारशाने आला. माझ्या काकांचा सांगलीत फोटो स्टुडिओ होता आणि पूर्व जर्मनीत बनलेला पेंटाकॉन सिक्स हा त्यांचा लग्नसराईतला कॅमेरा होता. २००५ च्या महापुरात कृष्णेने आयर्विन पुलाजवळची ४५ फुटांची धोक्याची पातळी मागे टाकली, तेव्हा तळमजल्यावरच्या स्टुडिओत काकांची बॉडी पाण्याखाली गेली. लेन्सेस घरी वरच्या मजल्यावर, लाकडी कपाटात होत्या. दमट हवेत काचेला बुरशी धरू नये म्हणून काका त्या कपाटात बारा महिने झिरोचा दिवा जळत ठेवीत, आणि काकू विजेचे बिल हातात घेऊन त्याबद्दल बारा महिने बोलत. त्या दिव्याच्या कृपेने कार्ल झाइस येनाच्या दोन लेन्सेस माझ्याकडे निष्कलंक अवस्थेत आल्या: एक ८० मिलिमीटरची बायोमेटार आणि दुसरी १८० मिलिमीटरची सोनार. या सोनारची पूर्वज १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकसाठी तयार झाली होती. त्याच ऑलिंपिकमध्ये ध्यानचंद यांच्या संघाने हॉकीचे सुवर्णपदक जिंकले, असे मी घरी सांगून पाहिले. परंतु त्यामुळे सव्वा किलोहून जड असलेली ती लेन्स सोफ्यावर ठेवण्याची परवानगी मिळाली नाही.

लेन्स आहे म्हटल्यावर कॅमेरा घेऊन टाकायचा, यात अवघड काय, असे मला अनेकांनी विचारले. विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांना एवढे ठाऊक असते की, मोठ्या फिल्मचा म्हणजे हॅसलब्लाड. चंद्रावर नेलेला तो. त्यांना मी शांतपणे समजावतो की, १९५७ साली आलेल्या हॅसलब्लाड ५००सी मध्ये शटर बॉडीत नसते, लेन्समध्ये असते. १९७० चा मामिया आरबी६७ घ्या किंवा १९७६ चा ब्रोनिका ईटीआर घ्या, तिथेही तीच व्यवस्था आहे. माझ्या लेन्सेसमध्ये शटर नाही, कारण त्यांच्या मूळ कॅमेऱ्यात ते फिल्मच्या पुढ्यात पडद्याच्या रूपाने बसवलेले होते. म्हणजे या सुप्रसिद्ध बॉड्यांवर माझी लेन्स कशीबशी बसवलीच, तर प्रकाश आत येईल आणि कोणी अडवणारे नसल्यामुळे तिथेच मुक्काम करील. एवढे ऐकून झाल्यावर समोरचा माणूस विचारतो, “मग मोबाइलचे काय वाईट आहे?” हे संभाषण मी लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत आणि दंतवैद्याच्या खुर्चीत केलेले आहे, शेवटच्या ठिकाणी मला उत्तर देता आले नाही.

काटछाट करता करता उरतात ती मोजकी नावे. १९५६ चा प्राक्टिसिक्स आणि १९६६ पासून त्याचाच वंश चालवणारा पेंटाकॉन सिक्स. त्याच तोंडाचा, म्हणजे लेन्स बसवण्याची जागा तशीच असलेला, कीव्हच्या आर्सेनाल कारखान्यातला कीव्ह ६०. आणि १९८० च्या दशकात पश्चिम जर्मनीत निघालेला एक्झाक्टा ६६, जो दुर्मीळ आहे आणि आपण दुर्मीळ आहोत हे त्याच्या विक्रेत्यांना पक्के ठाऊक आहे. कीव्ह ८८ नावाचा आणखी एक भाऊ आहे; तो दिसतो जुन्या हॅसलब्लाडसारखा, परंतु त्याच्या मूळ आवृत्तीचे तोंड वेगळे आहे, आणि आधी चावी दिल्याशिवाय त्याच्या शटरचा वेग बदलला, तर आतली यंत्रणा दुखावते, असे जाणकार बजावतात. ज्या कॅमेऱ्याला हात लावण्यापूर्वी क्रम आठवावा लागतो, तो माझ्या घरात, जिथे गॅस बंद केला की नाही हे पाहायला आम्ही जिन्यावरून परत येतो, टिकणे शक्य नव्हते.

पेंटाकॉन सिक्सची कीर्ती वेगळ्याच गोष्टीबद्दल आहे. १२० क्रमांकाच्या फिल्मवर, जी १९०१ पासून बाजारात आहे, तो सहा बाय सहा सेंटिमीटरच्या चौकोनात बारा फोटो काढतो. मात्र या बारा फोटोंनी एकमेकांच्या हद्दीत शिरू नये, असा त्याचा आग्रह नसतो. फिल्म ताठ भरावी, ती पुढे सरकवणारा दांडा एका दमात शेवटपर्यंत ओढावा आणि परतताना तो झटकन सोडून न देता बोटाने धरून आणावा, म्हणजे हद्दी पाळल्या जातात. काका हे सगळे न बोलता करीत. त्यांच्यानंतर त्या जातीचे कॅमेरे ज्यांच्या हाती पडले, त्यांनी ते केलेच असेल, याची हमी कोण देणार?

हमी जाहिराती देतात. जुन्या कॅमेऱ्यांच्या जाहिरातींची एक स्वतंत्र लेखनशैली आहे आणि तिचा माझा व्यासंग आता बरा म्हणावा इतका झाला आहे. “शटर चालते” याचा अर्थ आवाज येतो. “सर्व वेग चालतात” याचा अर्थ सर्व वेगांना तोच आवाज येतो. “फिल्म घालून पाहिलेली नाही” असे लिहिणारा विक्रेता बहुधा फिल्म घालून पाहिलेला असतो. “आजोबांच्या कपाटात मिळाला, मला यातले काही कळत नाही” असे सांगणाऱ्याला किंमत मात्र अचूक कळलेली असते. परदेशी विक्रेते अवस्थेपुढे अधिकची चिन्हे जोडतात, आणि अनुभवाने मी एवढे शिकलो आहे की, चिन्हे जितकी जास्त, तितके खालचे बारीक अक्षरातले निवेदन लांब असते. त्यावर टपालखर्च, त्यावर सीमाशुल्क, आणि त्यावर पार्सलात नक्की काय आहे याचा खुलासा. “जुना कॅमेरा” हे उत्तर कोणालाही पुरेसे वाटत नाही. इतके पैसे भरून कोणी जुना कॅमेरा का मागवील, हा प्रश्न फोनवरच्या शांततेत स्पष्ट ऐकू येतो.

अखेर एक बॉडी घरी आली. ती कोठून आली हे मी सांगत नाही, कारण पुढे जे घडले त्यात दोष कारखान्याचा नव्हता. बॉडी देखणी होती, आणि मी ती रीतीप्रमाणे तपासली. मागचे झाकण उघडून, ट्यूबलाइटसमोर धरून पडद्याला सुईएवढी भोके आहेत का ते पाहिले. मोबाइलवर संथगतीचे चित्रण करून शटरचे वेग मोजले. सावकाश वेग आपल्या नावाला जागत होते, आणि सेकंदाचा हजारावा भाग हा प्रामाणिकपणे सेकंदाचा तीनशेवा भाग होता. ते चालण्यासारखे होते, कारण सांगलीत सेकंदाच्या हजाराव्या भागात घडेल असे काही मी पाहिलेले नाही. मग एक मुदत संपलेला रोल बळी दिला: झाकण उघडे ठेवून प्रत्येक फोटोच्या चौकटीभोवती पेनने रेघ मारली आणि रोल बाहेर काढून जमिनीवर पसरला. पहिल्या चार चौकटी शेजारधर्म पाळून बसलेल्या होत्या. पुढच्या दोन एकमेकींत अशा शिरल्या होत्या की, रेघा कोणाच्या कोणत्या, हे सांगता येईना. तरीही, अर्ध्या हळकुंडाने पिवळे होण्याला हळदीच्या पेठेत राहून मी अपवाद कसा असणार? मी चांगला रोल भरला आणि फोटो काढून आलो. धुतल्यावर दिसले की, गणपती मंदिराच्या आवारात उभे असलेल्या माझ्या साडूंचे कोपर पुढच्या फोटोतल्या आयर्विन पुलाच्या कमानीत गेले आहे. हा पूल १९२९ सालचा आहे आणि त्याने कृष्णेचे अनेक पूर सोसले आहेत. साडूंचे कोपरही त्याने सोसले असते, परंतु साडूंना तो फोटो पसंत पडला नाही.

बॉडी मी गणपती पेठेतल्या एका घड्याळजींकडे नेली. कॅमेरा हे आपले काम नव्हे, असे त्यांनी आधीच सांगितले, आणि हे सांगणारा माणूसच ते काम करू शकतो, असा माझा विश्वास आहे. त्यांनी डोळ्याला भिंग लावले, वरचे झाकण काढले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर म्हणाले, “साहेब, हा आधी कोणीतरी उघडला होता.” मी विचारले, कशावरून? तेव्हा त्यांनी चिमट्याने तीन स्क्रू दाखवले: एकाचा माथा खरवडलेला, दुसरा दुसऱ्याच कुठल्या यंत्राचा आणि तिसरा जागेवर नसून नुसताच आत फिरणारा. फिल्मची लांबी मोजणाऱ्या चाकावर कोणीतरी सढळ हाताने शिलाई मशीनचे तेल सोडले होते आणि ते तेल तिथून पडद्याच्या रुळांपर्यंत फिरून आले होते. “कारखान्यानं जे केलं ते बरोबर आहे,” घड्याळजी म्हणाले, “त्याच्यानंतर ज्यानं केलं, त्याला गाठा.”

माझ्या मते या एका वाक्यात जुन्या कॅमेऱ्यांच्या भरवशाचे सगळे शास्त्र आले. कोणते मॉडेल चांगले, जर्मन बरे की जपानी बरे, पहिल्या वर्षाचे की शेवटच्या वर्षाचे, यावर लोक रात्री जागवतात. परंतु पन्नास वर्षांचा कॅमेरा कारखान्याचा उरलेलाच नसतो, तो ज्याने शेवटचा उघडला त्याचा झालेला असतो. बदनाम मॉडेल जाणत्या हाताखालून गेले असेल, तर निमूट चालते, आणि नामांकित मॉडेल घरच्या स्क्रूड्रायव्हरने उघडले गेले असेल, तर त्याचे नावच तेवढे शिल्लक राहते. म्हणून त्या दिवसापासून मी विक्रेत्याला कॅमेऱ्याविषयी विचारणे सोडले आणि माणसाविषयी विचारू लागलो. “हा शेवटचा कोणी उघडला?” या प्रश्नावर बहुतेक विक्रेते फोन ठेवून देतात. त्यामुळे वेळही वाचतो.

ज्यांनी फोन ठेवला नाही, ते मिरजेचे एक निवृत्त लग्नफोटोग्राफर होते. त्यांच्याकडे पेंटाकॉन नव्हता, १९७५ साली बाजारात आलेला मामिया एम६४५ होता. त्यांनी तो स्वतः कधीही उघडला नव्हता. दर पावसाळ्यानंतर मुंबईच्या एकाच कारागिराकडे नेत असत, आणि त्या सगळ्या पावत्या त्यांनी तारेत ओवून ठेवल्या होत्या. ज्या गावात तंबोऱ्याचा भोपळा निवडायला लोक घाई करत नाहीत, त्या गावच्या माणसाला हे शोभते. पावत्या पाहून मला भरून आले. शिवाय मामियाच्या या मॉडेलमध्ये शटर बॉडीतच असते. फक्त तोंड वेगळे होते, आणि तिथे गणित माझ्या बाजूने होते: माझ्या लेन्सला तोंडापासून फिल्मपर्यंत ७४.१ मिलिमीटर अंतर लागते, मामियात ते ६३.३ असते, म्हणजे मध्ये १०.८ मिलिमीटर जाडीचे कडे बसवले की झाले. तयार कडी मिळतात. परंतु ती पुन्हा परदेशातून मागवायची आणि पार्सलात “लोखंडी कडे” आहे, असा खुलासा करायचा, हे माझ्याने होणार नव्हते.

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत एका लेथवाल्या मिस्त्रींना मी नकाशा दाखवला. पंपाचे शाफ्ट बनवण्यात त्यांचे आयुष्य गेले होते. जाडी अगदी शंभराव्या भागापर्यंत नेमकी हवी, नाहीतर दूरचे काही स्पष्ट दिसणार नाही, असे मी घाबरत सांगितल्यावर ते म्हणाले, “त्याचं टेन्शन घेऊ नका. पण हे फिरतं कुठं?” मी म्हटले, फिरत नाही, नुसते मध्ये बसते. फिरत नसलेल्या वस्तूला एवढी अचूकता कशाला, हे त्यांना पटले नाही, तरी त्यांनी कडे करून दिले. घरी येऊन बॉडीत फिल्मच्या जागी ट्रेसिंग पेपर ताणून लावला, शटर उघडे ठेवले आणि गच्चीवरून साखर कारखान्याच्या धुराड्यावर सोनार रोखली. धुराडे कागदावर उलटे, परंतु काठोकाठ स्पष्ट उमटले.

त्याआधी सहा व्होल्टचा सेल शोधण्याचे एक छोटे प्रकरण झाले होते, कारण या बॉडीचे शटर त्याच्याशिवाय हलत नाही आणि दुकानदार दिसायला तसाच गाडीच्या रिमोटचा बारा व्होल्टचा सेल “हाच चालतो” म्हणून पुढे करतात. मे महिन्यात फिल्म धुण्याचे रसायन, म्हणजे डेव्हलपर, वीस अंशांवर आणण्यासाठी बादलीत बर्फ टाकण्याचेही एक प्रकरण झाले. ते पत्नीच्या सरबताच्या बर्फाशी संबंधित असल्यामुळे येथे विस्तार करत नाही.

आता एकच गोष्ट राहिली. मिरजेच्या सद्गृहस्थांनी बॉडीबरोबर तिची स्वतःची ८० मिलिमीटरची सेकॉर लेन्सही देऊन टाकली होती. तिच्यासाठी त्यांनी वेगळे पैसे घेतले नाहीत. मी दोन्ही लेन्सेसने आमच्या अंगणातल्या सोनचाफ्याचे फोटो काढले, मोठे करून घेतले आणि कोणता कोणत्या लेन्सचा हे न सांगता पत्नीसमोर ठेवले. तिने चष्मा पुसला, दोन्ही नीट पाहिले आणि सेकॉरचा उचलला.

“तुलना बरोबर नाही,” मी म्हणालो. “बायोमेटार सहा बाय सहाच्या चौकोनासाठी केलेली आहे, आणि हा कॅमेरा सहा बाय साडेचारचा. तिचे जवळजवळ पाव चित्र फिल्मवर येतच नाही.”

“अहो, मग ते पाव चित्र धरणारा कॅमेरा कुठं मिळतो?” तिने सहज विचारले.

हा प्रश्न तिने विचारायला नको होता, हे तिच्याही लगेच लक्षात आले. परंतु तोपर्यंत मी चष्मा शोधायला लागलो होतो.