बुत्सुदान जाळा म्हणणाऱ्यांना

रात्री अकराला मावशीचा रडत फोन. तिचा मुलगा ओसाकात एका आजीबाईंकडे भाड्याने राहतो आणि आमच्या वसईच्या ग्रुपवर फॉरवर्ड आलंय: ‘जपानी घराघरात मेलेल्यांचे आत्मे कोंडलेली पेटी असते. तिथलं अन्न ख्रिस्ती माणसाने खाऊ नये, ती पेटी जाळावी. यासाठीच संत गोन्सालो गार्सिया मेला.’

घराघरात? शहरातल्या कित्येक फ्लॅटांत काहीच नसतं. आणि फोटो लावलाय कामिदानाचा, म्हणजे उंचावरच्या शिंतो (जपानच्या मूळ धर्माच्या) देव्हाऱ्याचा. त्याचा मृतांशी संबंध नाही. उलट घरात कुणी वारलं की तो पांढऱ्या कागदाने झाकतात. मृतांसाठी असतं ते बुत्सुदान, बौद्ध देव्हारा. आत बुद्ध, आणि गेलेल्याचं मरणोत्तर नाव लिहिलेली पाटी, इहाई. पुढे भात, उदबत्ती, छोटी घंटा. आजीबाई रोज सकाळी गेलेल्या नवऱ्यासमोर भात ठेवतात. हे जाळायचं?

जाळून झालंय, बाबांनो. १५७४ मध्ये ओमुराच्या ख्रिस्ती सरदाराच्या मुलखात पाद्र्यांच्या आग्रहाने देवळं उद्ध्वस्त झाली. १५८७ च्या, जपानचा तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या हुकुमात पाद्र्यांवरचा एक आरोप हाच होता: लोकांना चिथावून देवळं पाडली. दहा वर्षांनी, ५ फेब्रुवारी १५९७ ला, त्याच हिदेयोशीच्या आज्ञेने आपला वसईचा गोन्सालो नागासाकीत क्रुसावर गेला. त्याने कुणाच्या घरातला देव्हारा जाळला नव्हता. पुढे १६१४ ला देशभर बंदी आली आणि ‘आम्ही ख्रिस्ती नाही’ हा दाखला घ्यायला प्रत्येक घराला बौद्ध देवळात नाव नोंदवावं लागलं. घराण्यांची देवळांशी गाठ पक्की झाली ती बरीचशी त्यातूनच. बंदी उठली १८७३ ला.

जपानच्या बिशपांना हे फॉरवर्डवाल्यांपेक्षा जास्त कळत असावं. १९८५ साली त्यांनी पूर्वज आणि मृतांविषयी कॅथलिकांसाठी मार्गदर्शिका काढली. बुत्सुदानापुढे आदराने उदबत्ती लावली म्हणून श्रद्धा बुडते, असं त्यांनी मानलेलं नाही.

एक मान्य करतो, नाइलाजाने: कामिदानापुढे टाळी वाजवून मागणं मागणं ही प्रार्थनाच आहे, आणि ती आपली नव्हे. मुलाने ती करू नये.

अन्नाचं म्हणाल तर करिंथकरांस पहिल्या पत्राचा दहावा अध्याय उघडा. कुणी जेवायला बोलावलं तर चौकशी न करता खा, असं पौल म्हणतो. लगेच पुढे अट आहे, तीही वाचा. मावशीला एवढंच सांगितलं: पोराला म्हणावं, आजीबाईंनी वाढलेलं जेव, आणि ताटं तू धू.