‘परिचारिकेने डोळ्याला हात लावू नये’ या म्हणण्याविषयी

गेल्या काही आठवड्यांपासून रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातील व्हॉट्सअॅप गटांत एक मजकूर फिरतो आहे. परिचारिका, आरोग्यसेविका आणि आशा यांना नेत्रसेवेचे प्रशिक्षण देणे म्हणजे कोकणातील गरिबांच्या डोळ्यांशी खेळणे आहे, असे त्यात म्हटले आहे. डोळा नाजूक असल्याने त्याला तज्ज्ञाखेरीज कोणी हात लावू नये, वर्षातून दोन मोफत शिबिरे खेड्यांना पुरतात, हा पैसा डॉक्टर नेमण्यासाठी वापरावा आणि परिचारिकांवर आधीच कामाचा भार आहे, अशी चार कारणे त्यात दिली आहेत. लिहिणाऱ्याची कळकळ खरी असेल. परंतु पहिली तीन कारणे टिकत नाहीत आणि चौथे खरे असले तरी त्यातून निघणारा निष्कर्ष वेगळा आहे.

पहिले कारण सर्वांना पटण्याजोगे आहे, म्हणून त्याचाच विचार नीट केला पाहिजे. दिवाळीच्या सुमारास भाताची झोडणी चालू असताना डोळ्यात कुसळ जाते आणि बुबुळावर ओरखडा पडतो. त्या वेळी वाडीवर नेत्रतज्ज्ञ नसतो, पण डोळ्याला हात लावणारे पुष्कळ असतात. कोणी पदराच्या टोकाने कुसळ काढते, कोणी अंगावरचे दूध घालते, आणि दुसऱ्या दिवशी औषधाच्या दुकानातून लाली घालवणारे थेंब येतात, ज्यांत कित्येकदा स्टिरॉइड असते. त्याने ठणका कमी होतो, रुग्णाला बरे वाटते, आणि आत बुरशीचा संसर्ग असला तर तो त्याच थेंबांमुळे फोफावतो. आमच्या वाडीतील एक काका असेच आठ दिवस थेंब घालत राहिले. बुबुळावर व्रण, म्हणजे चिघळलेली जखम झाली. ती भरली, पण डोळ्यात फूल कायमचे राहिले. म्हणजे अप्रशिक्षित हात डोळ्याला आजही लागतच आहेत, आणि त्यांच्याविषयी या मजकुरात एक शब्दही नाही.

वेळेवर पाठवणारा माणूस गावात असला तर काय घडते, हे नेपाळमधील भक्तपूरच्या अभ्यासात दिसले. तेथे ३४,९०२ लोकवस्तीवर ८१ प्राथमिक नेत्रसेवक दोन वर्षे लक्ष ठेवून होते आणि डोळ्याला इजा झालेल्या प्रत्येकाला जवळच्या केंद्रात पाठवत होते. बुबुळावर ओरखडा असलेल्या ४४२ जणांना क्लोरॅम्फेनिकॉल या प्रतिजैविकाचे मलम तीन दिवस दिले गेले, त्यांपैकी ४२४ जणांचा डोळा संसर्गाविना बरा झाला. इजेनंतर १८ तासांच्या आत ज्यांचे उपचार सुरू झाले, त्यांच्यापैकी एकालाही व्रण झाला नाही. २४ ते ४८ तासांनी आलेल्या ४९ जणांपैकी मात्र १४ जणांना झाला. पुढे भूतानमध्ये गावातील आरोग्यसेवकांनी स्वतःच हे मलम दिले. हे मलम बुरशीवर चालत नाही, हेही सांगितले पाहिजे, कारण आपल्या दमट हवेत ती शंका नेहमी धरावी लागते. म्हणून दोन दिवसांत उतार न पडलेला डोळा ठेवून न घेता पुढे पाठवणे आणि स्टिरॉइडला हात न लावणे, हाच अशा प्रशिक्षणाचा गाभा असतो. काजूच्या टरफलातील तेल किंवा चुना डोळ्यात उडाला असता रुग्णाला गाडीत घालण्यापूर्वी स्वच्छ पाण्याने निदान अर्धा तास डोळा धुवत राहणे, हे काम तर उपकेंद्रातील सेविकेनेच करायचे आहे. तालुक्याला पोचेपर्यंत त्याची वेळ निघून गेलेली असते.

शिबिरांविषयी थोडक्यात. २०१५ ते २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीपुढील अंधत्वापैकी ६६.२ टक्के अंधत्व मोतीबिंदूमुळे असल्याचे आढळले, त्यामुळे शिबिरे हवीतच. परंतु शिबिरात कोणाला आणायचे, हे घरोघरी फिरणारीच ओळखते आणि शस्त्रक्रियेनंतर लाल झालेला डोळा आधी तिलाच दिसतो. कुसळाची जखम मात्र शिबिराच्या तारखेची वाट पाहत नाही.

डॉक्टर नेमावेत, या मागणीला माझा पूर्ण पाठिंबा आहे; पण त्यासाठी प्रशिक्षण थांबवण्याचे कारण नाही. अपुऱ्या दिवसांच्या बाळांचे उदाहरण घ्या. ३४ आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाने जन्मलेल्या बाळाचा दृष्टिपटल, म्हणजे डोळ्याच्या आतला पडदा, तीस दिवसांच्या आत तपासला पाहिजे, अन्यथा काही बाळे कायमची आंधळी होतात. कर्नाटकात २००८ पासून प्रशिक्षित तंत्रज्ञ जिल्ह्याजिल्ह्यांत जाऊन अशा बाळांच्या दृष्टिपटलाची छायाचित्रे घेतात आणि तज्ज्ञ ती दुरून पाहतात. ब्रिटनमध्ये प्रशिक्षित परिचारिका डोळ्याच्या आत इंजेक्शनही देतात. दोन्ही ठिकाणी तज्ज्ञ आहेत आणि त्यांचा वेळ ज्याला खरोखर शस्त्रक्रिया हवी त्याच्यासाठी मोकळा राहतो.

उरला कामाचा भार. लसीकरण, बाळंतपणे, सर्वेक्षणे आणि नोंदवह्या यांखाली दबलेल्या ताईवर आणखी एक काम टाकून तिला प्रमाणपत्र देणे अन्यायाचे आहे, हे मजकुरातील म्हणणे मला शंभर टक्के मान्य आहे. मात्र त्याचे उत्तर प्रशिक्षण रद्द करणे हे नाही. ग्रामीण रुग्णालयात नेत्र चिकित्सा अधिकाऱ्याचे पद असते; ते भरलेले असावे, ताईने फोन केला की त्यांनी उचलावा, तिच्या कामाच्या वेळेतून नेत्रसेवेचे तास वेगळे काढून द्यावेत, आणि टॉर्च, दृष्टितक्ता, मलम व बुबुळावरचा ओरखडा रंगवून दाखवणाऱ्या फ्लुरोसिनच्या पट्ट्या उपकेंद्रात झोडणीच्या आधी पोचाव्यात. मजकूर पुढे पाठवणाऱ्यांनी हीच मागणी जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे लेखी करावी.