आवाज उतरल्यावरच्या तबकड्या

उतारवयातल्या एखाद्या गायकाची नवी ध्वनिमुद्रिका निघाली की आमच्या इंदुरात दोन प्रतिक्रिया ठरलेल्या असतात. रामबागेतले जुने श्रोते 'आता काय राहिलंय त्या गळ्यात' म्हणून मान हलवतात. उरलेले, विशेषतः ज्यांनी ती अजून ऐकलेली नसते ते, 'या वयातसुद्धा!' म्हणून हात जोडतात. मला या दोन्ही प्रतिक्रिया सारख्याच आळशी वाटतात. पहिलीची फूटपट्टी एकच, तरुणपणचा आवाज. आणि दुसरीजवळ फूटपट्टीच नाही, नुसता जन्मदाखला आहे. आयुष्याच्या उत्तरार्धात कलावंतांनी केलेल्या ज्या थोड्या तबकड्या मला खरोखर थोर वाटतात, त्यांत एक गोष्ट समान दिसते. गळ्यातून किंवा बोटांतून जे गेले ते परत मिळवण्याची धडपड त्यांत नाही. जे उरले आहे त्याच्या मापाने सगळे संगीत नव्याने बेतलेले आहे.

अमेरिकन कंट्री गायक जॉनी कॅशचे उदाहरण सर्वांत स्वच्छ आहे. ज्या कोलंबिया कंपनीसाठी तो वर्षानुवर्षे गायला, तिने १९८६ मध्ये त्याच्याशी असलेला करार संपवला होता, आणि नव्वदच्या दशकाच्या आरंभी अमेरिकन कंट्री संगीताच्या बाजारात त्याला फारसे कोणी विचारत नव्हते. अशा वेळी रिक रुबिन हा प्रामुख्याने रॅप आणि हेवी मेटलसाठी ओळखला जाणारा निर्माता त्याच्याकडे आला, आणि त्याने कॅशला स्वतःच्या दिवाणखान्यात बसवून फक्त गिटारच्या साथीवर गायला लावले. १९९४ मध्ये, कॅश ६२ वर्षांचा असताना, 'अमेरिकन रेकॉर्डिंग्ज' निघाली. रुबिनने तिच्यात भर काहीच घातली नाही. मागचा वाद्यमेळ, कोरस, स्टुडिओतली चकाकी हे सगळे त्याने बाजूला सारले. चांगला संवादिनीवादक बुवांचा दम कमी पडू लागला की हात आखडता घेतो आणि तरी सूर सोडत नाही, तसेच काहीसे हे काम होते.

त्या तबकडीपासून सुरू झालेल्या मालिकेतल्या २००२ च्या चौथ्या अल्बममधले 'हर्ट' आपल्यापैकी अनेकांनी यूट्यूबवर ऐकले असेल. मूळ गाणे नाइन इंच नेल्स या बँडच्या ट्रेंट रेझनरचे, १९९४ चे. एका तरुणाने आत्मनाशाबद्दल लिहिलेले. कॅशने ते घेतले तेव्हा तो सत्तरीत होता, आजारी होता आणि पुढच्या वर्षी गेला. हेडफोन लावून ऐका. पहिल्या ओळी तो जवळजवळ बोलतोच, ओळीच्या शेवटी आवाज किंचित कापतो, आणि तो कापरेपणा ध्वनिमुद्रणात पुसलेला नाही. शेवटाकडे पियानोचा एकच सूर ठोकल्यासारखा वाजत राहतो आणि वाढत वाढत गळ्यावर चढतो. तरुण कॅशच्या भरदार खर्जाला हे गाणे साधले असते असे मला वाटत नाही. तो आवाज फार आश्वासक होता.

'अमेरिकन रेकॉर्डिंग्ज'च्या आदल्याच वर्षी, १९९३ मध्ये, अमेरिकन गायक फ्रँक सिनात्राचा 'ड्युएट्स' निघाला होता. तो प्रचंड खपला. सिनात्राने आपल्या ओळी गाऊन ठेवल्या आणि जोडीच्या नामवंतांनी आपापल्या ओळी वेगळ्या जागी, वेगळ्या वेळी गायल्या. युगुलगीतात दोन माणसे एकमेकांचे ऐकत नाहीत, तर ते युगुल कसले? माझ्या लेखी हा उतारवयातला अल्बम नव्हे, सत्कारसमारंभ आहे. आणि सत्कारात गाणे बहुधा शेवटी उरकले जाते.

वय हा यातला मुख्य मुद्दा नाही, हेही आताच सांगून टाकतो. अमेरिकन जॅझ गायिका बिली हॉलिडेने 'लेडी इन सॅटिन' ध्वनिमुद्रित केला तेव्हा, म्हणजे फेब्रुवारी १९५८ मध्ये, ती अवघी ४२ वर्षांची होती. पण व्यसनांनी आणि आयुष्याने तिचा गळा पार झिजवला होता. संगीत-संयोजक रे एलिसच्या मऊ तंतुवाद्यांच्या गादीवर तो खरखरीत आवाज ठेवला गेला. कित्येकांना तो अल्बम ऐकवत नाही. मला तो तिच्या तीसच्या दशकातल्या खेळकर गाण्यांच्या बरोबरीचा वाटतो, कारण सूर लांबवता येत नाही म्हटल्यावर ती शब्दाचे वजन नेमके कुठे टाकायचे याचा विचार अधिक करते. हा अल्बम न्यूयॉर्कच्या तिसाव्या रस्त्यावरच्या कोलंबियाच्या स्टुडिओत झाला. त्याच स्टुडिओत पियानोवादक ग्लेन गूल्डने बाखची 'गोल्डबर्ग व्हेरिएशन्स' दोनदा वाजवली, १९५५ मध्ये २२ व्या वर्षी आणि १९८१ मध्ये ४८ व्या वर्षी. पहिली तबकडी सुमारे ३८ मिनिटांची, दुसरी ५१ मिनिटांची. आरंभीचा आरिया, म्हणजे मूळ धून, पहिल्या खेपेला दोन मिनिटांच्या आत संपतो आणि दुसऱ्या खेपेला तीन मिनिटे घेतो. गूल्डची बोटे थकलेली नव्हती, जलद भागांत ती पूर्वीसारखीच धावतात. लय मात्र त्याने मुळापासून पुन्हा मांडली. नवी तबकडी बाजारात आली आणि काही दिवसांतच, ४ ऑक्टोबर १९८२ रोजी, तो गेला.

इथे इंदूरकराला देवासची आठवण होणे अपरिहार्य आहे. कुमार गंधर्वांनी ही फेरमांडणी तिशीच्या आतच केली. १९४८ मध्ये क्षयाने आजारी असलेले कुमारजी हवापालटासाठी देवासला आले, काही वर्षे गाणे बंद राहिले, स्ट्रेप्टोमायसिनने जीव वाचला. पण एक फुप्फुस निकामी झाले. बालवयात थोरामोठ्यांच्या गायकीची हुबेहूब नक्कल करून थक्क करणारा हा गायक पुन्हा बैठकीवर बसला तेव्हा त्याच्याजवळ लांब दमसास नव्हता. मग त्यांनी वाक्ये आखूड केली, वरचा सूर एकदम फेकून लगेच मिटवायला सुरुवात केली, आणि मधल्या मोकळ्या जागा तानपुऱ्यांच्या हवाली केल्या. त्यांचे तानपुरे इतके काटेकोर का लागलेले असत, याचे एक उत्तर मला यात दिसते. त्या जोडीला गाण्यात भाग होता. त्यांची निर्गुणी भजने ऐकताना श्वास कुठे घेतला आहे याकडे कान द्या. ती श्वासाची जागा त्यांनी रचनेतच बसवून घेतली आहे.

आपल्या संगीताच्या बाबतीत आणखी एक पेच आहे, जो उतारवयातल्या थोर तबकड्यांच्या याद्या करणाऱ्या पाश्चात्त्यांच्या ध्यानात येत नाही. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटे बसत. बडोद्याचे आफताब-ए-मौसिकी फैयाज खाँ १९५० मध्ये गेले, म्हणजे लाँग प्ले तबकडी आपल्याकडे रुळण्याच्या आधीच. त्यामुळे त्यांचा सविस्तर ख्याल कंपनीच्या तबकडीवर मिळणे शक्यच नव्हते. उलट ग्वाल्हेरचे कृष्णराव शंकर पंडित १८९३ साली जन्मलेले आणि १९८९ पर्यंत हयात. त्यांचे आज मिळणारे बहुतेक दीर्घ ध्वनिमुद्रण उतारवयातलेच आहे. आवाज खडबडीत झालेला, पण बोलतानेची आणि लयीची पकड अशी की ऐकणाऱ्याने ताठ बसावे. मल्लिकार्जुन मन्सूरांचेही तेच. तीसच्या दशकातल्या त्यांच्या छोट्या तबकड्या आहेत, पण अनवट रागांची जी खाण आपण त्यांच्या नावावर जमा धरतो ती मुख्यत्वे साठीनंतरच्या ध्वनिमुद्रणांतून आलेली आहे. थोडक्यात, आपल्या कित्येक थोरांचे तरुणपण तबकडीवर उतरलेच नाही. 'आता काय राहिलंय' म्हणणारे श्रोते मग तुलना करतात ती नेमकी कशाशी?

शिवाय फाटक्या आवाजाचे आपल्याला वावडे होते असेही नाही. बेगम अख्तर यांच्या आवाजात वर जाताना मध्येच जी पत्ती लागे, म्हणजे आवाज क्षणभर फाटे, तिची वाट पाहणारे श्रोते होते.

मृत्यूची सावली हा या विषयातला सर्वांत फसवा भाग आहे. इंग्लिश रॉक गायक डेव्हिड बोवीचा 'ब्लॅकस्टार' ८ जानेवारी २०१६ रोजी, त्याच्या ६९ व्या वाढदिवशी आला आणि १० तारखेला तो गेला. त्यानंतर प्रत्येक ओळीत निरोप ऐकू येऊ लागला. पण त्याच्या आजाराची कल्पना नसताना लिहिलेल्या परीक्षणांतही जॅझ वादकांसोबत केलेल्या त्या अवघड अल्बमची वाहवा झालीच होती. कॅनडाचा कवी-गायक लेनर्ड कोहेनचा 'यू वॉन्ट इट डार्कर' त्याच वर्षी ऑक्टोबरात निघाला आणि तीन आठवड्यांच्या आत, ८२ व्या वर्षी, तोही गेला. पाठीच्या दुखण्यामुळे तो घरीच खास खुर्चीत बसून गायला होता आणि निर्मितीची धुरा मुलाने सांभाळली होती. आवाज इतका खाली उतरलेला की गाणे आणि बोलणे यांतली रेघ पुसलेली. त्यावर माँट्रिअलच्या सिनेगॉगमधल्या गायकवृंदाचे सूर. हा अल्बम मृत्यूची तारीख ठाऊक नसतानाही थोरच ठरला असता.

याची उलट बाजू आमच्याच शहरात आहे. इंदूर घराण्याचे उस्ताद अमीर खाँ १३ फेब्रुवारी १९७४ रोजी कलकत्त्यात मोटार अपघातात गेले, वय ६१. निरोपाची कसलीही तयारी नव्हती, म्हणून त्यांच्या अखेरच्या वर्षांतल्या ध्वनिमुद्रणांना 'शेवटचे' असे वलय चिकटले नाही, आणि त्यांचा स्वतंत्र विचारही फारसा झाला नाही. १९६० च्या सुमाराची मारवा-दरबारीची प्रसिद्ध तबकडी आणि त्यानंतरच्या दशकातल्या बैठकी लागोपाठ ऐकल्या तर मला तरी असे जाणवते की पुढे पुढे ते स्वरांच्या मधली जागा अधिक मोकळी सोडतात.

आशा भोसले यांच्याबद्दल माझे मत बहुतेकांना पटत नाही. क्रोनोस क्वार्टेट या अमेरिकन तंतुवाद्य-चौकडीबरोबर २००५ मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, त्यांनी राहुल देव बर्मनची गाणी पुन्हा गायली त्या अल्बमचे कौतुक जगभर झाले. पण त्यात मला मूळ गाण्यांची सावली सारखी आड येते. १९९६ चा अली अकबर खाँ यांच्याबरोबरचा 'लेगसी' मात्र वेगळा आहे. चित्रपटसंगीतातली कीर्ती बाजूला ठेवून, साठी उलटल्यावर, एका वडीलधाऱ्या सरोदियाकडून जुन्या बंदिशी शिकून त्या गाणे हे काम जोखमीचे होते, आणि त्यात मिरवण्याजोगे फारसे काही नव्हते. ज्यांनी फक्त क्रोनोसचा अल्बम ऐकला आहे त्यांनी 'लेगसी' मिळवून ऐकावा आणि मग खाली प्रतिक्रियांत येऊन माझ्याशी खुशाल भांडावे.