टेक्सासची डुकरं आणि आपलं हरभऱ्याचं वावर

हरभरा घाट्यावर आला की दर वर्षी माझ्या फोनवर टेक्सासचे व्हिडिओ यायला लागतात. मी राहते टेक्सासमध्ये, आणि व्हिडिओ येतात वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यातून. धाकटा भाऊ पाठवतो, चुलतभाऊ पाठवतात, शाळेतल्या मैत्रिणींचे नवरे पाठवतात. हेलिकॉप्टरमधून रानडुकरांवर गोळ्या झाडणारे लोक, रात्रीच्या दुर्बिणीत पांढरी दिसणारी पळती डुकरं, सकाळी गाडीमागे ओळीनं मांडलेली मेलेली डुकरं. खाली भावाचा प्रश्न असतो, "ताई, तुमच्याकडे डुकराले परवाना नाही लागत म्हणते. मंग आमालेच काहून?"

रात्रभर जागल करून सकाळी वावर नांगरल्यासारखं झालेलं ज्यानं पाहिलंय, त्यानं हा प्रश्न विचारायलाच हवा. गावाकडे चर्चा मात्र दोन टोकांना अडकली आहे. एकीकडे 'टेक्साससारखी सरसकट शिकार खुली करा', दुसरीकडे 'वन्यजीवाला हात लावू नका'. पहिल्या मागणीत टेक्सासचं नाव येतं, म्हणून इथे नेमकं काय चालतं ते सांगते. सुरुवात पैशापासून करते, कारण व्हिडिओत तेवढंच दिसत नाही.

भाऊ म्हणतो ते बरोबर आहे. 1 सप्टेंबर 2019 पासून टेक्सासमध्ये खाजगी जमिनीवर, जमीनमालकाच्या संमतीनं रानडुक्कर मारायला शिकारीचा परवाना लागत नाही. हंगाम नाही, संख्येची मर्यादा नाही, रात्रीही मारता येतं. पण या राज्यातली 90 टक्क्यांहून जास्त जमीन खाजगी आहे. म्हणजे सरकारचा परवाना गेला तरी फाटकाची किल्ली मालकाच्याच खिशात राहिली, आणि त्या किल्लीला दर आहे.

साधारण दर असे. दिवसभर मचाणावर बसायचे माणशी दीडशे ते तीनशे डॉलर. उष्णता टिपणारी दुर्बीण आणि वाटाड्या घेऊन रात्रीची शिकार करायची तर तीनशे ते पाचशे, कधी त्याहून जास्त. दोन रात्रींचा मुक्काम आणि जेवण धरून पाचशे ते हजार. मोठ्या सुळ्यांचा नर मारला तर काही ठिकाणी वेगळे पैसे. मांस कापून, बांधून देणारा खाटीक शंभर-दीडशे घेतो. हौशी माणूस स्वतःची थर्मल दुर्बीण घेतो, तिचेच दोन-तीन हजार डॉलर होतात. हेलिकॉप्टरची शिकार काही हजार डॉलरपासून सुरू होते. ती 2011 च्या कायद्यानं खुली झाली. तोवर पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकाला हेलिकॉप्टरमधून गोळी झाडता येत नव्हती.

भावानं पाठवलेल्या व्हिडिओत बंदूक धरलेला माणूस शेतकरी नसतो, गिऱ्हाईक असतो. डुक्कर मारण्यासाठी त्यानं पैसे मोजलेले असतात, आणि ज्याच्या जमिनीवर मारतो त्याला ते मिळालेले असतात. आपल्याकडे हे कुणाच्या डोळ्यासमोर येत नाही, कारण आपण 'डुक्कर मारणं' म्हटलं की वावर वाचवणं एवढंच समजतो.

एका हिवाळ्यात सॅन अँटोनिओ शहराच्या दक्षिणेकडच्या एका रँचवर, म्हणजे गुरं पाळायच्या मोठ्या रानात, मी एका सहकाऱ्याबरोबर गेले होते. शिकार करायला तो गेला होता, मी बघायला. मेस्किटच्या काटेरी झुडपांत एक मोकळी जागा, तिथे तीन पायांवर उभा केलेला पत्र्याचा पिंप. पिंपाखाली बॅटरीवर चालणारी चकती आणि तिला वेळ लावलेली. दिवस मावळताना चकती खर्रर्र फिरली आणि चारी बाजूंना मका उधळला गेला. काही मिनिटांत झुडपांतून आधी पिल्लं आली, मग माद्या. घुरघुरत, एकमेकांना ढुशा देत ती मका खायला लागली. तो मका इथे पेट्रोल पंपावरही मिळतो, 50 पौंडांची म्हणजे साधारण साडेबावीस किलोची पोती रचून ठेवलेली असतात. हरणांसाठी म्हणून विकतात, खातं मात्र डुक्करही. मी शेतकऱ्याची मुलगी. शिकारीसाठी डुकराला पोत्यानं मका घातला जातोय हे मला बघवेना.

मी मालकाला विचारलं, पीक कसं वाचवता? तो म्हणाला, या तुकड्यात मी काही पेरतच नाही, गाई आहेत आणि शिकारी आहेत. डुकरं संपली तर माझं हे उत्पन्न संपेल, हेही त्यानं सरळ सांगितलं. त्याच्या कुंपणापलीकडचा शेजारी ज्वारी आणि मका पेरतो. पेरणी झाली की डुकरं रात्रीत तासच्या तास हुंगत बी उकरून खातात, आणि तो शेजारी पदरचे पैसे देऊन पिंजरेवाल्याला बोलावतो. डुक्कर तेच. एकाला ते पैसे देतं, दुसऱ्याचे नेतं. टेक्सासची सगळी गुंतागुंत मला त्या एका कुंपणावर कळली.

आता परिणाम बघा. टेक्सासमध्ये 254 काउंट्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारखे भाग आहेत, त्यांतल्या 253 मध्ये रानडुकरं आहेत. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या कृषी विस्तार सेवेचा अंदाज 26 लाखांच्या आसपासचा. मादी आठेक महिन्यांत वयात येते, एका वेताला चार-सहा पिल्लं. संख्या आहे तिथेच रोखायची तर दर वर्षी जवळपास दोन तृतीयांश डुकरं काढावी लागतात. त्याच विस्तार सेवेच्या हिशेबात शिकार, पिंजरे सगळं धरून काढली जातात ती 29 टक्के. एवढी मोकळीक, एवढ्या बंदुका, हेलिकॉप्टरं, काही काउंट्यांत शेपटीमागे पाच डॉलर बक्षीस, आणि तरीही आकडा तिथेच.

कारण बंदूक एका वेळी एक-दोन डुकरं मारते आणि उरलेला कळप शहाणा होऊन शेजारच्या वावरात जातो. आणि दुसरं कारण, ज्या जनावराला दर लागला ते संपू नये असं वाटणारी माणसं तयार होतात. 2017 मध्ये टेक्सासचे कृषी आयुक्त सिड मिलर यांनी डुकरांसाठी वॉरफरिन या रक्त गोठू न देणाऱ्या विषाला मंजुरी दिली, तेव्हा कोर्टात विरोध करणाऱ्यांत शिकारी होते आणि रानडुकराचं मांस विकणारेही. विष नको या मताची मीही आहे, ते मेलेल्या डुकरातून इतर जनावरांत जातं. पण आमदार असताना हेलिकॉप्टरचा कायदा आणणारे मिलरच होते. आधी शिकारीची बाजारपेठ वाढवली, आणि पुढे डुकरं कमी करायला निघाले तेव्हा तीच बाजारपेठ आडवी आली. आजही इथे पकडलेले नर जिवंतपणी, मान्यताप्राप्त शिकारक्षेत्रांत पैसे देणाऱ्या शिकाऱ्यांसाठी सोडायला कायद्यानं मुभा आहे.

टेनेसी राज्यानं हे फार महागात शिकून घेतलं. 1999 मध्ये त्यांनी डुकरांची शिकार राज्यभर खुली केली, संख्येची मर्यादा काढली. तोवर डुकरं थोड्याच काउंट्यांत होती. पुढच्या दहा-बारा वर्षांत ती राज्यभर पसरली, कारण शिकारीचा शौक वाढला तसे लोक गाडीत घालून डुकरं नव्या भागात नेऊन सोडू लागले. 2011 मध्ये राज्यानं हौशी शिकार बंद केली आणि जमीनमालकाला स्वतःच्या जमिनीवर बंदोबस्त करायचे जास्त अधिकार दिले. मिसूरीनं 2016 मध्ये आपल्या संवर्धन विभागाच्या जमिनींवर डुकराची शिकार बंद केली, कारण बंदुकीच्या आवाजानं पिंजऱ्याजवळ जमवलेला कळप पांगत होता. डुकरं कमी व्हावीत म्हणून शिकार बंद केली, हे गावच्या चावडीवर सांगितलं तर लोक माझ्याकडे बघत राहतील. पण अनुभव हाच आहे.

भावाला मी हे सगळं सांगते आणि मग त्याच्या बाजूनं बोलते, कारण त्याची बाजू माझीही आहे.

टेक्सासमध्ये डुक्कर परकं आहे, आधी स्पॅनिश लोकांनी आणलेलं आणि पुढे शिकारीसाठी बाहेरून सोडलेलं. आपल्याकडे ते इथलंच, आणि ताडोबा, उमरेड-कऱ्हांडल्याच्या वाघाचं भक्ष्य. त्यामुळे ते संपवणं हा हेतू असूच शकत नाही. शिवाय इथल्या रँचवर रात्री मैलभरात माणूस नसतो. समुद्रपुरात हरभऱ्याच्या दिवसांत वावरावावरात माणसं जागलीला असतात, कुणी मचाणावर, कुणी धुऱ्यावर शेकोटी करून. माझे बाबा असेच बसायचे, डबा वाजवत, टॉर्च फिरवत. तीन एकरांच्या वावरात अंधारात रायफलची गोळी झाडली तर ती धुऱ्यावर थांबणार नाही. आणि तीन एकरवाला शिकारीचं तिकीट कुणाला विकणार? विकेल तो पन्नास-शंभर एकरवाला, नाहीतर मधला दलाल. नासाडी लहान वावराची आणि पैसा मोठ्या वावराचा, म्हणजे सॅन अँटोनिओजवळ पाहिलं तेच कुंपण आपण गावात घालून घेऊ.

पण आहे ते चालू द्या, असंही मला म्हणायचं नाही. महाराष्ट्रात 2015 पासून वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे अर्ज करून पिकाची नासधूस करणारं डुक्कर मारायची परवानगी घेता येते. मारलेलं जनावर सरकारजमा. पण अर्ज करायला जाणारा माणूस रात्रीचा जागलेला असतो, परवानगी हातात पडेपर्यंत घाटे खाऊन झालेले असतात, आणि गावात बंदूक कुणाकडे? ज्याच्याकडे पीकसंरक्षणाचा परवाना आहे, त्याला निवडणूक लागली की ती पोलिस ठाण्यात जमा करावी लागते. नुकसानभरपाईसाठी तीन दिवसांत कळवा, सातबारा जोडा, पंचनाम्याला येणाऱ्यांची वाट बघा. तोवर वावर तसंच ठेवायचं. यात हरलेला माणूस शेवटी तारेत करंट सोडतो, आणि त्या तारेत डुकराबरोबर वाघ मरतो, शेजाऱ्याचा बैल मरतो, कधी शेजारीच मरतो. त्या करंटला माफी नाही. पण त्या माणसाला तिथवर ढकलण्यात कार्यालयातल्या दिरंगाईचा वाटा आहे, आणि शहरातल्या वन्यजीवप्रेमींनी हे उघड बोलायला हवं. 2016 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात 53 रानडुकरं मारल्यावर मनेका गांधी आणि प्रकाश जावडेकर हे दोन केंद्रीय मंत्री जाहीरपणे भांडले. डुकरांचा आकडा सगळ्यांनी वाचला. त्या गावांत किती एकर पीक गेलं होतं, हे मला कुठेच वाचायला मिळालं नाही.

म्हणून टेक्सासकडून घ्यायचं तर दोनच गोष्टी घ्या. एक, निर्णय वावराजवळ व्हावा. इथे तो जमीनमालक घेतो. आपल्याकडे केरळनं 2022 मध्ये ग्रामपंचायतीच्या अध्यक्षाला उपद्रवी रानडुक्कर मारायचा आदेश देण्याचा अधिकार दिला; गोळी झाडतो तो परवानाधारक, हौशी पाहुणा नव्हे. दुसरी गोष्ट पिंजरा. इथला चांगला पिंजरेवाला लोखंडी जाळीचं मोठं गोल कोंडाळं उभं करतो, दार उघडं ठेवून डुकरांना काही दिवस मक्याची सवय लावतो, आणि कॅमेऱ्यातून फोनवर बघत बसतो. कळपातलं शेवटचं पिल्लू आत आलं की मगच दार पाडतो. एक जरी बाहेर राहिलं तर थांबतो. त्याचं सगळं कौशल्य त्या थांबण्यात आहे. असा पिंजरा काही हजार डॉलरचा, एका शेतकऱ्याला न परवडणारा, पण चार-पाच गावांत मिळून एक, वन विभागाच्या शिकवलेल्या माणसांच्या हाती, हे आपल्याला जड नाही. पकडलेल्या कळपाचं काय करायचं ते ठिकाण बघून ठरवावं. जंगलाला लागून आणि जंगलापासून लांब, दोन्हीकडे एकच उत्तर असणार नाही.

आणि राहिला पैसा. वन्यप्राण्यावर पैसा मिळवणं आपल्याकडे टेक्सासमधून आणायला नको, ते कधीच सुरू झालंय. ताडोबाच्या गेटवर जिप्सीचे, कॅमेऱ्याचे, वाटाड्याचे पैसे घेतले जातात आणि शनिवार-रविवारचं बुकिंग मिळणं मुश्किल असतं. त्या पैशातला काही भाग बफरमधल्या, म्हणजे व्याघ्रप्रकल्पाभोवतीच्या पट्ट्यातल्या गावांच्या समित्यांना जातो, सौर कुंपणालाही अनुदान मिळतं. पण वाघाचं भक्ष्य बफरची हद्द बघून चरत नाही. समुद्रपूरचं वावर बफरमध्ये नाही, आणि तिथला हरभरा खाऊन वाढलेलं डुक्करही उद्या वाघाच्याच पोटात जाणार आहे. वाघ बघायला येणाऱ्याच्या तिकिटातून बफरबाहेरच्या त्या वावराचा खर्चही निघाला पाहिजे. कुंपणाचा, पिंजऱ्याचा आणि गेलेल्या पिकाच्या बाजारभावानं किमतीचा. गावाकडून पुढचं निवेदन जाईल तेव्हा त्यात हेलिकॉप्टरचं नाव नको, ही मागणी हवी. भावाला मी ते लिहून पाठवलंय. सही माझीही घ्या म्हटलंय, सातबाऱ्यावर अजून माझंही नाव आहे.