तीन बोटं वर, रिलीज नक्की

आमच्या सॉफ्टवेअर टीममध्ये रिलीजची, म्हणजे नवं काम ग्राहकाच्या हाती द्यायची, तारीख आधी ठरते आणि कामाला किती वेळ लागेल याची चौकशी नंतर होते. तारीख वरून येते. वर म्हणजे नेमकं कुठून, हे कुणी सांगत नाही. "क्लायंटला कमिट केलंय" एवढंच कळतं. मग त्या तारखेत काम बसतं का हे बघायला प्लॅनिंग ठेवतात, आणि "बसत नाही" असं उत्तर आलं तर प्लॅनिंग नीट झालेलं नसतं. ते परत करायचं.

मी टेस्टर आहे. म्हणजे कामाचा एक टप्पा, ज्याला स्प्रिंट म्हणतात, दोन आठवड्यांचा असला तरी माझ्या वाट्याला त्यातली शेवटच्या गुरुवारची संध्याकाळ येते. "माझ्याकडून झालंय, फक्त टेस्टिंग बाकी आहे," असं डेव्हलपर म्हणतात. त्या 'फक्त'वर माझं घर चालतं.

या सगळ्याचं मूळ अमेरिकेत, युटा राज्यातल्या स्नोबर्ड नावाच्या स्कीइंगच्या ठिकाणी आहे. २००१ च्या फेब्रुवारीत तिथे १७ सॉफ्टवेअरवाले जमले आणि ॲजाइलचा, म्हणजे छोट्या टप्प्यांत, बदल पचवत सॉफ्टवेअर करण्याच्या पद्धतीचा, जाहीरनामा ठरवून उठले. सतरा प्रोग्रामरांचं चार मूल्यांवर एकमत झालं, यावर माझा अजून विश्वास बसत नाही. आमच्याकडे बटणावर 'सेव्ह' लिहायचं की 'सबमिट', यावरून दोन सिनिअर अजून एकमेकांशी धड बोलत नाहीत. आराखड्याला चिकटून बसण्यापेक्षा बदलाला सामोरं जाणं मोलाचं, असं त्या जाहीरनाम्यात आहे. आमच्या वरच्या मंडळींनी त्यातला 'बदल' तेवढा उचलला. काम कधीही बदलतं, तारीख तीच.

आमचे स्क्रम मास्टर, म्हणजे टीमला या पद्धतीने चालवणारे, पूर्वी प्रोजेक्ट मॅनेजर होते. दोन दिवसांचा कोर्स करून आले, सर्टिफिकेट मिळालं, आणि "काम झालं का?" च्या ऐवजी "काही इम्पेडिमेंट, म्हणजे अडथळा, आहे का?" असं विचारू लागले. आवाज तोच.

अंदाज काढायला आम्ही प्लॅनिंग पोकर खेळतो. जेम्स ग्रेनिंग यांनी २००२ मध्ये हा प्रकार काढला, तो मीटिंगमधलं चऱ्हाट आवरावं म्हणून. पत्त्यांवर १, २, ३, ५, ८, १३ आणि मग एकदम २०, ४०, १००; आकडा मोठा तितकं काम मोठं. सगळ्यांनी एकाच वेळी पत्ता उघडायचा, म्हणजे कुणी कुणाच्या दडपणाखाली येत नाही. परवा सगळ्यांचे पाच आले आणि नव्या पोराचा तेरा.

"तेरा? का रे?"

"सर, जुन्या कोडला हात लावावा लागेल."

"कशाला लावायचा? बाजूने जाऊ ना."

"मग... आठ?"

"तुला आतून काय वाटतंय? पाच ना?"

त्याला आतून पाच वाटू लागलं. त्यात टेस्टिंग धरलंय का, असं मी विचारलं. "ते आलंच त्यात," असं एकमुखाने उत्तर आलं. एकमत म्हणतात ते हेच असावं.

पत्त्यांवरच्या या आकड्यांना स्टोरी पॉइंट म्हणतात. पॉइंट म्हणजे तास नव्हेत, असं स्क्रम मास्टर सकाळी बजावतात आणि दुपारी एका पॉइंटला सहा तास या हिशेबाने एक्सेल भरतात. स्टोरी पॉइंट बहुधा ज्यांच्या डोक्यातून निघाले, त्या रॉन जेफ्रीज यांनी स्वतःच लिहून ठेवलंय की मी ते काढले असतील तर आता मला वाईट वाटतं. त्यांना वाटतं. एक्सेलला वाटत नाही.

दर तिमाहीला याची मोठी आवृत्ती होते. सगळ्या टीम दोन दिवस एका हॉलमध्ये. भिंतीवर मोठा बोर्ड, त्यावर चिठ्ठ्या, आणि ज्या टीमचं काम दुसऱ्या टीमवर अडलंय त्या दोन चिठ्ठ्यांमध्ये लाल दोरा. पहिल्या दिवशी चहापर्यंत दोरा संपतो. बरेचसे दोरे एकाच टीमकडे जातात, आणि त्या टीममधली दोन माणसं नोटीस पिरियडवर आहेत हे सगळ्या हॉलला माहीत असतं.

या वेळी कपॅसिटी, म्हणजे कोण किती दिवस कामाला आहे ते, काढताना गणपती आले. काय करायचं ते ठरवणारा प्रॉडक्ट ओनर अमेरिकेत, ओहायोत बसतो. त्याने स्क्रीनवरून सरळ प्रश्न विचारला, "हा सण किती दिवसांचा?" एकजण म्हणाला दीड, दुसरा पाच, माझा सात, आर्किटेक्टकडे दहा. प्रत्येक घरी वेगळे का, आणि हे एकसारखे करता येणार नाहीत का, असं त्याने फार आदराने विचारलं. कोकणातल्या एका डेव्हलपरने "माझे शून्य लिहा, मी गावाला असणार, तिथे रेंज नाही," असं सांगून स्वतःपुरता प्रश्न मिटवला.

शेवटी विश्वासमत. हा प्लॅन पार पडेल का, ते प्रत्येकाने बोटांनी सांगायचं. पाच म्हणजे पूर्ण खात्री. सरासरी तीनच्या खाली गेली तर प्लॅनिंग पुन्हा, आणि ज्याने दोन बोटं दाखवली त्याला उभं राहून कारण सांगावं लागतं. कंपनीची बस सहाला सुटते. सगळा हॉल तीन बोटं वर करून उभा होता. नव्या पोराची दोनच.

"बोल," स्क्रम मास्टर म्हणाले, घड्याळाकडे बघत.

"सर, रिलीज शनिवारी रात्री आहे. त्या दिवशी अनंत चतुर्दशी आहे."

हॉल गार. आठ, तेरा, लाल दोरे, नोटीस पिरियड, कशानेही न हललेली तारीख पहिल्यांदा डुगडुगली. मिरवणूक किती वेळ चालते, असं ओहायोहून विचारणा झाली. चोवीस तासांवर जाते, नेमकी कधी संपेल ते पोलिसांनाही सांगता येत नाही, असं कळल्यावर त्याने विचारलं, "पण मग तुम्ही तिचं प्लॅनिंग कसं करता?" कुणीतरी त्याला लक्ष्मी रोडचा व्हिडिओ पाठवला. ढोल-ताशांचा आवाज त्याच्या लॅपटॉपमधून आम्हाला परत ऐकू आला. दोन मिनिटांत रिलीज पुढच्या शनिवारी गेलं. पुन्हा मत घेतलं, सगळ्यांची तीन बोटं, पोराचीसुद्धा.

बस हिंजवडीच्या चौकात अडकली तेव्हा आर्किटेक्टने मोबाईलमधलं पंचांग उघडलं आणि हळूच मला दाखवलं. पुढचा शनिवार पितृपक्षात येतोय.