खाजवू नको!

मी बँकेत कॅशियर आहे. म्हणजे माझे दोन्ही हात दिवसभर काचेमागे, ट्यूबलाईटखाली, अख्ख्या गावासमोर मांडून ठेवलेले असतात आणि त्याच हातांना इसब आहे. देवाने मला लोन डिपार्टमेंटला टाकलं असतं, स्टोअर रूममध्ये टाकलं असतं तरी चाललं असतं, पण नाही. डिसेंबरात निफाडचा पारा घसरल्याची बातमी पेपरात आली की नाशकात माझी बोटं सोलायला लागतात, आणि पाचशेच्या कोऱ्या नोटेची कड त्या भेगेत अशी काही घुसते की त्र्याहत्तर नंतर काय येतं तेच विसरायला होतं, मग परत एकपासून सुरू, रांग ओरडतेय. पेन्शनला येणाऱ्या एक आजी आहेत, त्या तर माझ्या हातातून नोटा घेतच नाहीत. "ठेवा तिथं साहेब," म्हणतात आणि पदराने उचलतात. आजी हे पसरत नाही हो, हे मी त्यांना दर महिन्याच्या एक तारखेला सांगतो. त्या मान डोलावतात आणि पदराने उचलतात.

हातांचं तरी दिसतं. कोपराच्या आतली खळगी, गुडघ्यामागची खळगी, मान, हा सगळा इलाखा कपड्यांखाली. आणि खाज ही महा लबाड बाई, दिवसा जरा धाक ठेवते पण रात्री दिवा मालवला, पांघरूण ओढलं, अंग जरा गरम झालं की सुरू. मग काय हाताशी येईल ते. कंगवा, फूटपट्टी, मोबाईलच्या चार्जरची पिन, दाराची चौकट. गुडघ्यामागे पलंगाची कड उत्तम, पाठीला कपाटाचा कोपरा, मानेला टॉवेलची सुकून कडक झालेली किनार. यावर माझा इतका अभ्यास आहे की कुणी डिग्री देत असेल तर मी फॉर्म भरायला तयार आहे. पहिली दहा सेकंदं स्वर्ग, आईशप्पथ सांगतो, लग्नात पण एवढं सुख झालं नव्हतं (हे वाक्य घरी वाचून दाखवू नका). मग जळजळ, मग पश्चात्ताप, मग चादरीवर रक्ताचे ठिपके, मग परत खाज. खाजवलं की कातडी बिघडते, बिघडली की आणखी खाजते, हे सरळ सरळ चक्रवाढ व्याज आहे आणि बँकेत असून ते कळायला मला वीस वर्षं लागली.

आणि त्यात लोकांचं ते एक वाक्य. खाजवू नको! लहानपणी आई, मग शाळेतले सर, आता बायको झोपेतसुद्धा "अहो, खाजवू नका" म्हणते आणि कूस बदलते. अरे पण खोकणाऱ्याला कोणी 'खोकू नको' असं सांगतं का?

उपायांचं तर विचारूच नका. कडुलिंबाच्या पाल्याची आंघोळ झाली, करंजाचं तेल झालं (वासाने मांजर घर सोडून गेली), कुणीतरी गोमूत्र सांगितलं तेव्हा मी लेखी नकार दिला. दिवाळीत तर अण्णा पहाटे उटणं घेऊन बसायचे आणि "रगडल्याशिवाय जात नाही ते" म्हणत खसाखसा असे चोळायचे की नरकासुराच्या जागी आपणच आहोत असं वाटायचं. पण सगळ्यात मोठा घाव वांग्याचा. मी दहावीत असताना शेजारच्या काकूंनी आईला सांगितलं की वांग्याने खाज सुटते. तेव्हापासून बावीस वर्षं माझं वांगं बंद. माहेर जळगावचं असलेल्या बाईच्या पोटच्या पोराला भरीत बंद! घरात सगळे मिटक्या मारत खातायत, मी वरणभात चिवडतोय, आणि मिटक्या थांबल्या की शांततेत माझा खाजवण्याचा आवाज. म्हणजे वांगं न खाता पण खाज आहेच, हे कोणाच्या ध्यानातच येत नव्हतं.

मग आली ट्यूब. ही मेडिकलमधून आणलेली, चिठ्ठी नाही काही नाही, हात दाखवला आणि त्याने ड्रॉवरमधून काढून दिली, भाव तर वडापावपेक्षा थोडा जास्त. तीन दिवसांत हात असा गुळगुळीत की मी स्वतःहून आजींना हात दाखवला. चौथ्या दिवशी बंद केली, आठव्या दिवशी खाज दुप्पट होऊन परत. मग परत ट्यूब. असं दीड वर्षं. नुसतं मी केलं असतं तर ठीक, पण उदार मनाने मी ती मेव्हण्याला पण दिली, त्याच्या कमरेला रुपयाएवढं गजकर्ण होतं. आठवडाभर त्याने मला फोन करून करून आशीर्वाद दिले. महिन्याभराने ते गजकर्ण ताटलीएवढं झालं आणि बायकोच्या माहेरी माझा जो काही मान होता तो त्या ताटलीत वाढून संपला.

शेवटी त्याच मेव्हण्याबरोबर स्किनच्या डॉक्टरांकडे गेलो. बाईंनी ट्यूब हातात घेतली, मागचं बारीक अक्षर वाचलं आणि मला म्हणाल्या, "ही भेळ आहे." एकाच ट्यूबमध्ये सगळ्यात जहाल जातीचं स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक, ज्याला जे लागेल ते लागू पडेल या हिशोबाने. गजकर्ण म्हणजे बुरशी, त्यावर स्टेरॉइड गेलं की लाली आणि खाज दबते, बुरशी मात्र आतून निवांत पसरते. आणि माझ्या कोपरात दीड वर्षांत कातडी पतंगाच्या कागदासारखी पातळ झालेली, वर पोट सुटल्यावर येतात तशा रेघा. 2018 मध्ये सरकारने अशी 14 स्टेरॉइडं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत म्हणून यादीत टाकली म्हणे. आमच्या मेडिकलवाल्याच्या ड्रॉवरपर्यंत ती यादी बहुतेक अजून यायचीय.

मग माझ्या दुखण्याचं नाव कळलं. अटोपिक डर्मटायटिस. घरी येऊन शोधलं तर हा अटोपी शब्द कोका आणि कुक नावाच्या दोन अमेरिकन डॉक्टरांनी 1923 साली काढलाय, ग्रीकवरून, अर्थ काय तर विचित्र, जागा सोडून असलेलं. म्हणजे त्यांनाही काही कळलं नव्हतं, फक्त ग्रीकमध्ये कळलं नव्हतं. आणि आपल्या इसबाला इंग्रजीत म्हणतात तो एक्झिमा, त्याचा ग्रीकमधला अर्थ उकळून वर येणं. माझ्या कोपरात बावीस वर्षं दूध उतू जातंय!

डॉक्टरबाईंनी मात्र नीट समजावलं. कातडी म्हणजे विटांची भिंत, तुमच्या भिंतीत सिमेंट कमी आहे. त्यामुळे आतली ओल उडून जाते आणि बाहेरची धूळ, साबण, जंतू आत शिरतात, आत वॉचमन बसलेलेच आहेत, ते सुतळी बॉम्ब फुटला तरी बंदूक काढतात, म्हणून ही सूज आणि लाली. फिलाग्रिन नावाचं एक प्रोटीन असतं, ते बनवणाऱ्या जनुकातच बऱ्याच पेशंटमध्ये खोट असते हे 2006 साली सापडलं, सगळ्यांत नसते पण असते. मग त्यांनी विचारलं घरात दमा, शिंका कुणाला? अण्णांना दमा, ताईला सकाळी उठल्या उठल्या चाळीस शिंका. "हे सगळं एकाच कुळातलं." मी घरी येऊन अण्णांना म्हणलं, सिन्नरची जमीन काकाला दिली आणि मला हे दिलं होय? अण्णा पंप ओढत म्हणाले, "जमिनीवर कर्ज होतं."

औषध काय, तर परत स्टेरॉइडच! मी खुर्चीतून उठलोच. पण बाई म्हणाल्या सुरी स्वयंपाकघरात पण असते. जागेप्रमाणे सौम्य-कडक, ठरलेले दिवस, आणि ठरलेलं माप. माप म्हणजे तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत मलमाची एक रेघ, साधारण अर्धा ग्रॅम, ती बोटांसकट आपल्याच दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते. मी आजवर एकतर अष्टगंध लावल्यासारखं टिकलीभर लावत होतो नाहीतर ब्रेडला लावतात तसं. पापण्या आणि मानेला टॅक्रोलिमस नावाचं बिनस्टेरॉइडचं मलम दिलं, ते पहिले तीन-चार दिवस मिरची लागल्यासारखं झोंबतं, मग नाही. दर दोन आठवड्यांनी घ्यायचं एक इंजेक्शन पण निघालंय, डुपिलुमॅब, पण ते फार जास्त आजार असेल त्यांना. मी किंमत विचारली. ती ऐकून माझी खाज दुपारपर्यंत थांबली होती.

आणि मग खरा छळ म्हणजे मॉइश्चरायझर. नाशकाच्या थंडीत कडकडीत पाणी अंगावर घेण्याचं सुख बंद, कोमट पाणी, दहा मिनिटांच्या आत बाहेर, साबण नावाला, टॉवेल टिपायचा, घासायचा नाही, आणि तीन मिनिटांत, अंग ओलसर असतानाच, नखशिखांत क्रीम. आमच्या बाथरूमबाहेर चौथीतला मुलगा मोबाईलवर टायमर लावून उभा असतो, "बाबा दोन मिनिटं! बाबा एक मिनिट!" आणि मी आत लोण्यात बुडवलेल्या बाळकृष्णासारखा, दाराची कडी हातातून निसटतेय. महिन्याला अर्धा किलो क्रीम जातं. किराणावाल्याच्या यादीत तेल, तूप आणि मग ते.

जाता जाता विचारलं, वांगं? "कधी खाऊन लगेच त्रास झालाय का?" नाही, बावीस वर्षं खाल्लंच नाहीये. "मग खा की." त्या दिवशी आईचा त्या डॉक्टरवरचा विश्वास उडाला तो उडालाच. पण भरीत केलं तिने, रागारागाने, दुप्पट मिरची घालून, आणि मी खाताना समोर बसून माझ्या कोपराकडे टक लावून बघत होती.

आता हात बरेच बरे आहेत. एप्रिलच्या दोन तारखेला आजी आल्या, बरोबर नातू. त्यांनी माझ्या हाताकडे बघितलं, मग नोटा चक्क हातातून घेतल्या, आणि पोराची बाही वर सरकवून त्याचा कोपर काचेला टेकवला. तोच. अगदी तोच लाल खरबरीत चट्टा. "साहेब, तुम्ही काय लावलं?" बावीस वर्षांत पहिल्यांदा मला कोणी उपाय विचारत होतं. मेव्हणा डोळ्यासमोर आला. म्हणलं आजी, स्किनच्या डॉक्टरांना दाखवा, तोवर आंघोळीनंतर बिनवासाचं साधं व्हॅसलीन लावा.

आजींचा चेहरा पडला. "म्हंजे सांगायचं न्हाई," असं पुटपुटत त्या शेजारच्या काउंटरला गेल्या. तिथे आमच्या मॅडम पासबुक बाजूला ठेवून त्यांना करंजाचं तेल कुठे चांगलं मिळतं ते सांगत होत्या, आणि पोराला वांगं अजिबात देऊ नका म्हणून.