२० फेब्रुवारी आणि आपलं बडोदं

गेल्या महिन्यात इथे बडोद्यातच एका नाट्यसंगीताच्या कार्यक्रमाला गेलो होतो. गाणारी मुलगी गोड गळ्याची होती, तयारीही चांगली होती. पण साथीला माणसंच नव्हती. ऑर्गन, तबला, सारंगी, सगळं आधी ध्वनिमुद्रित केलेलं, स्पीकरमधून येत होतं. तिसऱ्या पदात तिला एक जागा, म्हणजे सुरांची नवी हरकत, सुचली. ती क्षणभर थांबली आणि ठेका पुढे निघून गेला. तिने ती जागा सोडली आणि समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, धावत आली. त्या रात्री मला झोप लागली नाही. तेव्हापासून जे डोक्यात आहे ते आज लिहून टाकतो. लांबेल, पण वाचा.

युरोपात ऑपेरा म्हणतात तो आपल्याकडे संगीत नाटक मंडळीच्या रूपाने आला, असं मी मानतो. त्यांच्याकडे संवादही बहुतेक गायचे असतात. आपण मात्र बोलता बोलता गायला लागतो आणि गाता गाता परत बोलण्यावर येतो. १८८० साली पारशी मंडळीचा गाण्यांनी भरलेला खेळ पाहून अण्णासाहेब किर्लोस्करांनी शाकुंतल मराठीत आणलं, साकी, दिंडी, कीर्तनाच्या चाली, कानडी पदं सगळी त्यात ओतली, आणि ३१ ऑक्टोबरला पुण्यात त्याचा पहिला प्रयोग झाला. हे आपल्याला शाळेतही सांगतात. पण त्यापुढच्या कथेत आपलं गाव किती खोल गेलेलं आहे, हे दांडिया बाजारात जन्म काढलेल्या माणसालाही कुणी सांगत नाही.

भास्करबुवा बखले कठोरचे. कठोर गाव बडोदे संस्थानातलं. पोरवयात बुवा बडोद्यात आले, इथेच कीर्तन-गायन शिकू लागले, आणि आवाजावर खूश होऊन किर्लोस्कर मंडळीने त्यांना उचललं. ‘रामराज्यवियोग’ नाटकात त्यांनी कैकेयी केली. मग वय वाढलं, आवाज फुटला. मंडळीत गळा हेच भांडवल, ते गेलं की पोराला कोण विचारतो! बुवा परत बडोद्याला आले आणि दरबारातले गायक फैज महंमद खाँ यांच्याकडे वर्षानुवर्षं पडून राहिले. पुढे नत्थन खाँ, अल्लादिया खाँ यांची तालीमही मिळाली, पण गाण्याचा पाया घातला गेला तो इथे. याच बुवांनी नारायणराव राजहंसांना, म्हणजे बालगंधर्वांना शिकवलं आणि १९१६ साली ‘स्वयंवर’ नाटकाला चाली दिल्या. रागदारी रंगभूमीवर अशी सहज नांदू शकते हे तेव्हा महाराष्ट्राला कळलं. मला तरी त्या चालींत आमच्या गावचं पाणी दिसतं.

बरं, बुवा इथे शिकू शकले कारण बडोद्यात गाणं ही सरकारी जबाबदारी होती. कलावंतांचं वेगळं खातं होतं, त्याला कलावंत कारखाना म्हणायचे. १८८६ साली सयाजीराव महाराजांनी गवई मौलाबक्ष यांच्या हाती गायनशाळा दिली, आणि घराण्यात न जन्मलेल्या पोरांनाही सुरांची अक्षरं गिरवता येऊ लागली. मौलाबक्षांनी त्यासाठी स्वतःची स्वरलेखनपद्धती तयार केली. सूरसागरासमोरची ती शाळा आज विद्यापीठाची फॅकल्टी ऑफ परफॉर्मिंग आर्ट्स आहे. मौलाबक्षांचा मुलगा विलायतेत जाऊन पाश्चात्त्य संगीत शिकून आला. एका अंगाला बँड, दुसऱ्या अंगाला ख्याल आणि तिसऱ्या अंगाला तंजावरहून राणीसाहेबांच्या लग्नाबरोबर आलेलं नृत्य, असं हे गाव होतं. अब्दुल करीम खाँसाहेबही इथल्याच दरबारात होते. त्यांच्या मुलीने, हिराबाईंनी, पुढे स्वतःची नाटक मंडळी काढली, बायकांच्या भूमिका बायकांनी करायच्या असा आग्रह धरला, आणि जन्म मिरजेचा असूनही जन्मभर आडनाव लावलं ते बडोदेकर.

१९१३ साली किर्लोस्कर मंडळीतून बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे बाहेर पडले आणि गंधर्व नाटक मंडळी उभी राहिली. तिला सयाजीराव महाराजांचा राजाश्रय मिळाला. एक मंडळी म्हणजे किती पसारा असे, याची आज कल्पना येत नाही. नट, साथीदार, पडदेवाले, कपडेपटवाले, आचारी, सगळ्यांचं एक बिऱ्हाड गावोगाव फिरायचं. रोज दोन वेळा पंगत उठायची. साथीला ऑर्गन, कादरबक्षांची सारंगी, थिरकवाँसाहेबांचा तबला. अहमदजान थिरकवाँसारखा माणूस नाटकाच्या साथीला बसायचा, हे वाचताना मला दरवेळी थांबावंसं वाटतं. ही माणसं महिनोन्महिने तोच खेळ वाजवायची. ‘एकच प्याला’तली सिंधू कुठल्या वाक्यावर श्वास घेणार, कुठल्या शब्दाला आज गळा भरून येणार, हे सारंगीला आधी कळायचं. साथीदार संवाद ऐकायचे, गाणं नंतर. त्या मुलीची जागा परवा सुटली ती याच एका गोष्टीच्या अभावी.

आणि आता ती तारीख. २० फेब्रुवारी १९१९. ‘एकच प्याला’चा पहिला प्रयोग गंधर्व मंडळीने केला तो बडोद्यात. पुण्यात नाही, मुंबईत नाही. नाटककार राम गणेश गडकरी २३ जानेवारीला सावनेरला वारले होते, जेमतेम २८ दिवस झाले होते. गडकऱ्यांचा जन्म आपल्या संस्थानातल्या नवसारी प्रांतातला. म्हणजे माणूस जन्मला गायकवाडांच्या मुलखात आणि त्याने मागे ठेवलेलं नाटक पहिल्यांदा उभं राहिलं तेही गायकवाडांच्या राजधानीत. पदं विठ्ठल सीताराम गुर्जरांनी लिहिली. दारूत बुडालेला सुधाकर बोडसांचा, त्याची बायको सिंधू बालगंधर्वांची. एरवी भरजरी शालूंत वावरणारे नारायणराव त्यात ठिगळं लावलेलं लुगडं नेसून उभे राहिले.

माझे आजोबा तेव्हा पंधरा वर्षांचे. ते आईबरोबर गेले होते. माझे पणजोबा संस्थानच्या नोकरीत होते आणि त्यांना प्यायची सवय होती. आमच्या घरात ही गोष्ट कधी लपवली गेली नाही, आज मीही लपवत नाही. आजोबा सांगायचे, सिंधू दळायला बसली तसा आईने माझा हात धरला तो खेळ संपेपर्यंत सोडला नाही. घरी येताना रस्ताभर ती एक शब्द बोलली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे जात्यावर बसली तेव्हा नेहमीच्या ओव्या म्हटल्या नाहीत. नुसतं जातं फिरत होतं. आजोबांना नाटकातली पदं सगळी पाठ होती, पण ती त्यांनी घरात कधी म्हटली नाहीत.

म्हणून मला ‘नाट्यसंगीताची मैफल’ या प्रकाराबद्दल मनापासून तक्रार आहे. दहा नाटकांतली पंधरा पदं काढायची, एकामागून एक गायची, मध्ये निवेदकाने किस्से सांगायचे. यात सिंधूचं लुगडं नाही, जातं नाही, समोर झिंगून पडलेला नवरा नाही. पद गोड लागतं, पण माझ्या पणजीने हात का धरला ते त्या गोडीतून कळत नाही. बोलपट आले, मंडळ्या कर्जात बुडाल्या, बालगंधर्व स्वतः १९३५ साली प्रभातच्या चित्रपटात गेले, हे सगळं मला मान्य आहे. साठ माणसांचं बिऱ्हाड आज कुणी पोसू शकणार नाही. पण आपण फक्त चाली वाचवल्या आणि त्या चाली ज्या प्रसंगासाठी, ज्या गळ्यासाठी, ज्या साथीसाठी बांधल्या होत्या ते सगळं सोडून दिलं. इतिहास लिहितानाही नायिकेचं नाव मोठं, ऑर्गनवाल्याचं नाव कंसात, पडदे ओढणाऱ्याचं नाहीच.

कुणी म्हणेल, पूर्ण नाटक आज कोण बसून बघतं? मी बसेन. आणि मला वाटतं या गावात दीडशे माणसं तरी बसतील. खेळ अडीच-तीन तासांत बसेल असा कापा, हरकत नाही, पण नाटक करा. नेपथ्य साधं ठेवा, पण साथ जिवंत ठेवा. सारंगी वाजवणारा मिळत नाही, असं परवाच्या आयोजकांनी मला सांगितलं. सूरसागरासमोर १८८६ पासून संगीत शिकवणारी संस्था आहे, तिथल्या विद्यार्थ्यांना विचारून तरी बघू. सारंगी नाही तर व्हायोलिन चालेल. माणूस हवा, जो गाणारीकडे बघून वाजवेल.

पहिला प्रयोग बडोद्याचा, हे सांगणारी एक साधी पाटीसुद्धा गावात माझ्या पाहण्यात नाही. तीही लावायला हवी. पण पाटीच्या आधी प्रयोग.

तर येत्या २० फेब्रुवारीसाठी माझ्याकडून एवढं: आजोबांची पायपेटी आमच्याकडे आहे, भाता गळतो आहे, तो मी दुरुस्त करून घेतो. तालमीसाठी आमच्या घराची खालची खोली रिकामी आहे, रोज संध्याकाळी सहानंतर. रावपुरा, दांडिया बाजार, बाबाजीपुरा, वाडी, जिथे कुठे जुन्या मराठी घरांत मंडळीच्या मुक्कामाची आठवण, जुनी हँडबिलं, एखादा फोटो, नाहीतर पदांची हाताने लिहिलेली वही असेल, त्यांनी मला निरोप द्यावा. मी येऊन बघेन, तिथेच उतरवून घेईन, वस्तू तुमच्याच घरी राहील. आणि सिंधू करायला मला तीच परवाची मुलगी हवी आहे. तिला मी विचारलंय. पेटीवर कोण बसणार, एवढंच तिने विचारलं.